मन्मथप्पांच्या चिंबोऱ्या

तांबवडीच्या मन्मथप्पांनी साठीपर्यंत अंडंसुद्धा हातात धरलेलं नव्हतं. किराणा दुकानात अंडी ठेवा म्हणून गिऱ्हाइकं वर्षानुवर्षं मागं लागली होती, पण गळ्यात इष्टलिंग असलेल्या लिंगायत माणसानं ते कसं करावं? अंडी पाहिजेत त्यानं युसूफ वडगाव गाठावं, असं ते सांगत आणि पुन्हा साखरेची पुडी बांधायला घेत. अशा माणसाला पुढं सगळं गाव 'चिंबोरीअप्पा' म्हणू लागलं. ते नाव कसं पडलं हे दुकानाच्या पायरीवर बसून सगळ्यात जास्त वेळा त्यांनीच सांगितलं असेल. दुसऱ्या कुणाला हसायला जागा राहू नये म्हणून आधी आपणच आपल्याला हसून मोकळं व्हायचं, ही त्यांची युक्ती.

सगळ्याला कारण दुष्काळ. पाऊस रुसल्याला तिसरं वर्ष लागलं होतं. मन्मथप्पा गावच्या सोसायटीचे संचालक होते. कुणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत, म्हणून दर निवडणुकीला बिनविरोध निघायचे. चेरमन रामकिसनरावांनी एका चांगल्या साली गावचा तलाव मत्स्यपालनासाठी सोसायटीकडं घेतला होता. माशांचं बी मिळेपर्यंत तलावाच्या तळाला भेगा पडल्या आणि पोरं तिथं क्रिकेट खेळायला लागली. मात्र त्याच चांगल्या साली पाठवलेला अभ्यास दौऱ्याचा प्रस्ताव वरच्या कुठल्यातरी टेबलावर झोपून राहिला होता, तो नेमका आता जागा होऊन मंजूर झाला. कोकणात जाऊन मच्छीमारांची सहकारी संस्था बघून यायची होती.

बैठकीत एका संचालकानं विचारलं, तलावात चिखलसुद्धा उरला नाही, मासे पाळायचं शिकून करायचं काय? रामकिसनराव म्हणाले की दौरा एकदा परत गेला की पुन्हा येत नसतो, आणि दुसरी गोष्ट म्हणजे तिकडं रोज आंघोळ मिळेल. पहिल्या मुद्द्यावर थोडी कुजबुज झाली. दुसऱ्यावर ठराव एकमतानं पास झाला. गावात टँकर कधी यायचा, कधी नुसता येणार म्हणून ऐकू यायचा. आंघोळ म्हणजे ओला टॉवेल अंगावरून फिरवणं, एवढंच राहिलं होतं.

महादेवीनं नवऱ्याला बाजरीच्या भाकरी, शेंगाची चटणी आणि एक सूचना बांधून दिली. सूचना अशी की बाकीचे काय खातील ते खाऊ द्या, तुम्ही त्यांच्या पंगतीला बसू नका. मन्मथप्पा म्हणाले, मी कशाला बसतो? समुद्र बघतो, एखादं देऊळ बघतो आणि येतो.

क्रुझर गाडीत दाटीवाटीनं बसून मंडळी कोकणातल्या एका लहानशा बंदराला पोचली. तिथल्या संस्थेची अध्यक्ष सुंदरबाई नावाची धिप्पाड कोळीण होती. तिनं बर्फाची खोली दाखवली, होड्या दाखवल्या, जाळी दाखवली. तांबवडीचे संचालक सगळ्याला माना डोलवत होते. मन्मथप्पा उपरणं नाकाला लावून चार पावलं मागं चालत होते. दुपारी होड्या समुद्रात गेलेल्या, दाखवायला काही उरलं नाही, तेव्हा पाहुण्यांचा वेळ जावा म्हणून सुंदरबाईनं धक्क्यावर फग आणून दिले. फग म्हणजे लोखंडी कडं, त्याला खाली जाळी, मधोमध माशाचं मुंडकं बांधलेलं आणि वर लांब दोरी. धक्क्यावरून पाण्यात सोडायचा आणि वाट बघायची. भरतीच्या पाण्याबरोबर चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले मोठे खेकडे, आत येतात आणि मुंडक्याला चिकटतात. मग फग वर ओढायचा. झालं.

संचालकांना हा खेळ फार आवडला. बहुतेकांनी लहानपणी ओढ्यात खेकडे धरलेले. मन्मथप्पा दोन पावलं मागं एका दगडावर पाठ फिरवून बसले. तेवढ्यात रामकिसनरावांचा मोबाईल वाजला. दोरी कुणाच्या तरी हातात द्यायची म्हणून त्यांनी ती सगळ्यात जवळच्या रिकाम्या माणसाच्या हातात दिली.

"अप्पा, निस्ती धरा. वढू नका."

मन्मथप्पांनी निस्ती धरली. नुसती दोरी धरण्यात काय आहे? दोरीला ना रक्त ना मांस. तसा त्यांना या कामाचा अनुभवही होता. लहानपणी गावच्या ओढ्याला त्यांचा जोडीदार आश्रुबा आणि बाकीची पोरं दगडाखाली हात घालून खेकडे काढायची तेव्हा छोटा मन्मथ काठावर उभा राहून सगळ्यांचे सदरे सांभाळायचा. त्याला पाण्यात उतरायची बंदी होती. आश्रुबा खेकडा उचलून त्याच्या तोंडासमोर नाचवायचा आणि तो सदरे छातीशी धरून मागं सरकायचा. पण मागं सरकताना डोळे खेकड्यावरच असायचे, हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही.

दोरी थरथरली.

अगदी हलकं, जसं झोपलेल्या माणसाच्या बोटाला कुणी शिवावं तसं. मन्मथप्पांनी मागं वळून बघितलं. रामकिसनराव लांब जाऊन कुणाला तरी टँकरवरून झापत होते. दोरी पुन्हा थरथरली. आता हे सांगताना मन्मथप्पा पायरीवर हात जोडायचे आणि म्हणायचे, देवाशप्पथ मी ओढली नाही, हातांनी ओढली. तीन वर्षं खोल गेलेल्या आडातून घागर कडेला न आपटता वर काढायची सवय त्या हातांना होती. फग तसाच वर आला, हिसका नाही, हेलकावा नाही. आत जेवायच्या ताटलीएवढी, काळपट हिरवी चिंबोरी मुंडक्याला कवटाळून बसली होती.

सुंदरबाई म्हणाली की एवढी मोठी या मोसमात पहिलीच. तिनं चिंबोरी पाठीमागून उचलली आणि सुतळीनं नांग्या बांधायला घेतल्या, कारण मोकळ्या ठेवल्या तर त्या एकमेकींना फाडतात. मन्मथप्पा बघत होते. जन्मभर पुड्या बांधलेला माणूस. त्यांना ती गाठ ढिली वाटली. त्यांनी सुतळी मागून घेतली आणि अर्धा किलो शेंगदाणे बांधावेत तशा त्या नांग्या एका फेऱ्यात आवळल्या. सुंदरबाईनं गाठ ओढून बघितली आणि यापुढं सगळ्यांच्या चिंबोऱ्या काकांकडंच बांधायला द्या म्हणाली. हे कौतुक मन्मथप्पांच्या डोक्यात गेलं. त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर शेंदूर फासायला कुणीतरी भेटलं आणि दगडाला आपण देव असल्यासारखं वाटायला लागलं.

त्यानंतर मन्मथप्पा धक्क्यावरून हलेनात. बाकीचे संचालक संस्थेचं कामकाज ऐकायला जात, हे दोरी धरून बसत. सकाळची पूजा त्यांनी चुकवली नाही, पण पूजा करताना पहिल्यांदाच त्यांचं लक्ष भरतीकडं होतं. लहान चिंबोरी आली किंवा पोटाला अंडी असलेली मादी आली तर ती परत सोडायची, असा सुंदरबाईचा नियम होता. मन्मथप्पा तो फार भक्तिभावानं पाळायचे. एक सोडली की एक पुण्य, असा हिशेब ते मनात मांडत आणि जी सोडली नाही तिचं काय, हा प्रश्न मांडत नसत.

धरलेल्या चिंबोऱ्या बांबूच्या करंड्यात घालून धक्क्याच्या खांबाला बांधून पाण्यात सोडलेल्या असायच्या. खाडीचं पाणी करंड्यातून सारखं वाहायचं, त्यामुळं त्या ताज्या राहायच्या. मन्मथप्पांनी स्वतःचा वेगळा करंडा मागून घेतला आणि तासातासाला वर ओढून आपल्या चिंबोऱ्या बघू लागले. शेवटी सुंदरबाईनं सांगितलं की सारखं वर काढू नका, त्यांना उन्हाचा त्रास होतो.

जेवणाच्या वेळी भांडण झालं. रामकिसनरावांच्या चिंबोऱ्या कालवणात गेल्या, सगळ्यांनी बोटं चाटून खाल्ल्या, आणि मग मोठ्या चिंबोरीची आठवण निघाली. मन्मथप्पा भाकरी-चटणी घेऊन वेगळे बसले होते. त्यांनी साफ नकार दिला.

रामकिसनराव रागावले नाहीत, पण त्यांना खरंच कळेना. "अप्पा, तुमी खाणार न्हाई, आमाला खाऊ देणार न्हाई. मग धरलं कावून?"

मन्मथप्पांनी हातातला घास ताटात ठेवला आणि सुचलं ते बोलले, "आश्रुबाला दाखवायचं हाय."

बोलून झाल्यावर त्यांना स्वतःलाच ते पटलं. आश्रुबाचे गुडघे गेले होते, ओढा आटला होता, खेकडा नजरेला पडून त्याला वर्षं लोटली असतील. सदरे सांभाळणाऱ्या मन्मथनं ताटलीएवढा खेकडा धरला हे त्यानं डोळ्यांनी बघितलंच पाहिजे. फोटो काढून न्या, असं एकानं सुचवलं. मन्मथप्पा म्हणाले, फोटोवर आश्रुबाचा विश्वास बसणार नाही. त्या क्षणापासून चिंबोऱ्या जिवंत तांबवडीला न्यायच्या हे ठरलं.

निघायच्या दिवशी सुंदरबाईनं रामकिसनरावांसाठी काही चिंबोऱ्या ओल्या गोणपाटात गुंडाळल्या आणि मन्मथप्पांनाही तसंच करा म्हणाली. मन्मथप्पांना ते ऐकूनच कसंसं झालं. पाण्यातल्या जिवाला पाण्याबाहेर, तेही उन्हाळ्यात, तेही पार बीड जिल्ह्यापर्यंत? त्यांनी बाजारातून झाकणाचे दोन निळे ड्रम आणले होते. एकात समुद्राचं पाणी आणि चिंबोऱ्या, दुसऱ्यात वाटेत बदलायला नुसतं पाणी.

"ड्रमात नका ठेवू," सुंदरबाई म्हणाली. "तिथं पानी थांबलेलं. गुदमरतील. वल्या गोणपाटात चार दिस ऱ्हातात."

मन्मथप्पा हसले. तीन वर्षं पाण्याच्या थेंबासाठी रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला कुणी सांगत होतं की पाणी जास्त झालं तर जीव जातो. समुद्राच्या काठावर राहणाऱ्या लोकांना पाण्याची किंमत काय कळणार, असं ते मनातल्या मनात म्हणाले. पुढं हे वाक्य सांगताना ते स्वतःच्या थोबाडीत मारल्यासारखं करायचे.

रात्री उशिरा गाडी निघाली. दोन ड्रम आत आल्यावर क्रुझरमध्ये संचालकांचे गुडघे हनुवटीला लागले. वळणावर पाणी डचमळून पायांवर यायचं. मन्मथप्पा झाकणावर हात ठेवून बसले होते. चहाला गाडी थांबली की बाकीचे चहा घेत, हे झाकण उघडून बघत. घाट चढेपर्यंत चिंबोऱ्या हालचाल करत होत्या. पुढं दिवस तापला तशा त्या तळाला जाऊन बसल्या. झोपल्या असतील, मन्मथप्पांनी जाहीर केलं, आणि थोडं पाणी बदललं. नगरच्या पुढं त्यांनी एकदा बघितलं आणि कुणाला काही सांगितलं नाही. बीड सोडल्यावर झाकण उघडायचा त्यांना धीरच झाला नाही.

गाडी तांबवडीत शिरली तेव्हा दिवस बराच वर होता आणि टँकरच्या जागेवर बायकांनी घागरींची रांग लावली होती. टँकरचा पत्ता नव्हता. दुकानासमोर गाडीतून निळे ड्रम उतरले, त्यातलं पाणी डुचमळलं आणि तो आवाज रांगेपर्यंत गेला. कुणी काही विचारायच्या आत निम्मी रांग दुकानासमोर आली. सगळ्यात पुढं कौशल्याबाई होती. अप्पा देवमाणूस आहेत, गावासाठी पाणी घेऊन आले, असं ती मागच्या बायकांना सांगतच येत होती.

मन्मथप्पा नको नको म्हणायला लागले. त्यांना वाटलं होतं, आपण खुलासा करू. पण खुलासा काय करायचा? गाव तहानलेलं असताना गाडीभरून पाणी आणलं, आणि ते खेकड्यांना आणलं. शब्द जुळवेपर्यंत कौशल्याबाईनं नुसत्या पाण्याच्या ड्रमचं झाकण काढून तांब्या बुडवला होता. तिनं घोट घेतला आणि तो मन्मथप्पांच्या धोतरावर आला.

"अप्पा, हे काय वो?"

"समुद्राचं हाय," मन्मथप्पा म्हणाले.

मग कौशल्याबाईनं दुसऱ्या ड्रमचं झाकण उचललं. वास आला तशा बायका मागं सरल्या. आतल्या चिंबोऱ्या पोट वर करून तरंगत होत्या, नांग्या मात्र अजून घट्ट बांधलेल्या. एकही गाठ सुटली नव्हती.

गावानं नंतर हसायचं तेवढं हसून घेतलं. पण त्या वेळी मन्मथप्पा दुकानाच्या पायरीवर बसले ते उठेनात. मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून खाली बघून चालणारा माणूस, आणि त्यानं पाण्यातले जीव पाण्यातच मारले होते. तेही खाण्यासाठी नाही, मोठेपणासाठी. रामकिसनरावांनी खाल्ले ते निदान त्यांच्या पोटात गेले. मन्मथप्पांनी स्वतः उठून दुकानामागच्या लिंबाखाली खड्डा खणला, सगळ्या चिंबोऱ्यांच्या सुतळ्या सोडल्या आणि त्या पुरल्या. पुरताना सुतळ्या कशासाठी सोडल्या, हे त्यांना सांगता आलं नसतं.

मग महादेवीची पाळी. ती उंबऱ्यात उभी होती. ओरडली नाही, आरडाओरडा तिच्या स्वभावात नव्हता. अंगाला असला वास घेऊन आणि मेलेल्याला हात लावून घरात, देवासमोर येता येणार नाही, आंघोळ करा, एवढंच तिनं सांगितलं. मन्मथप्पांनी पाणी मागितलं. घरात प्यायचं म्हणून एक घागर होती, ती महादेवी देणार नव्हती, आणि टँकर आलेला नव्हता. दोघांचीही नजर एकाच वेळी दारातल्या भरलेल्या निळ्या ड्रमकडं गेली.

तांबवडीचे मन्मथप्पा आपल्या दुकानासमोर, भर उन्हात, घागरी घेऊन बसलेल्या बायकांनी तोंडं फिरवलेली असताना, अरबी समुद्रानं आंघोळ करायला बसले. साबणाला फेस येईना. घासून घासून वडी झिजली, पण फेस नाही. अंग वाळलं तसं कातडीवर मिठाचा पांढरा थर आला आणि संध्याकाळपर्यंत ते खाजवत राहिले. कौशल्याबाईनं मागं न बघता शेजारणीला सांगितलं की अप्पांना आता लोणच्यात घालायला हरकत नाही. हे मन्मथप्पांना ऐकू गेलं, आणि त्यांना पहिल्यांदा हसू आलं. हसताना ओठ फुटल्यासारखे चरचरले.

ऊन उतरल्यावर ते रामकिसनरावांच्या घरी गेले. ओल्या गोणपाटातल्या चिंबोऱ्या तिथं परातीत पाय हलवत बसल्या होत्या, जशा काही आत्ताच खाडीतून आल्यात. मन्मथप्पांनी एक मागितली. रामकिसनरावांनी सगळ्यात मोठी निवडून दिली.

आश्रुबा ओट्यावर बाजेवर पडून होता. गावभर झालेली बातमी त्याच्यापर्यंत पोचलीच होती. मन्मथप्पांनी पिशवीतून चिंबोरी काढून त्याच्यासमोर धरली, पाठीमागून, सुंदरबाईनं शिकवलं होतं तशी. आश्रुबा कोपरावर उठून बसला. त्यानं चिंबोरी बघितली, पण त्याहून जास्त वेळ मन्मथप्पांचा हात बघितला.

"भ्या वाटंना का बे तुला?" त्यानं विचारलं.

"वाटतंय," मन्मथप्पा म्हणाले. "पन धरल्याबिगर बी राहवंना."

आश्रुबानं त्यांना बाजेवर जागा करून दिली. मग दोरी कशी थरथरते, फग कसा ओढायचा, भरती कशी चढते, हे सगळं मन्मथप्पांनी हातवारे करून सांगितलं, मेलेल्यांचंही सांगितलं. आश्रुबा मधेमधे विचारत होता, आणि मन्मथप्पांना आठवेना की याआधी आश्रुबानं खेकड्यांबद्दल आपल्याला कधी काही विचारलं होतं का. आश्रुबाची बायको बायनाबाई चिंबोरी आत घेऊन गेली. मसाल्याचा वास सुटला तेव्हा मन्मथप्पा उठून ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसले, पण घरी गेले नाहीत. आश्रुबानं नांगी फोडून खाल्ली, रस्सा ओरपला आणि ओढ्यातल्या खेकड्याची चव याला नाही, असा निकाल दिला. मन्मथप्पांना वाईट वाटायला हवं होतं. उलट, आपल्या ओढ्याची बाजू घेतल्यासारखं त्यांना बरं वाटलं.

दिवेलागणीला ते घरी आले. महादेवीनं ताट वाढलं. ते जेवत होते आणि ती समोर बसून होती. ती माहेरच्या धारूरहून सासरी आली ती फार तर जत्रेला नारायणगडापर्यंत जाऊन आलेली. तिनं विचारलं, "समुद्र केवढा हाय वो?"

मन्मथप्पांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ते सांगता येणार नाही. दोरी पाण्यात जिथं शिरायची तेवढी जागा त्यांना नीट आठवत होती. पाण्याचा तिथला रंग, खांबावरचे शिंपले, करंड्याची गाठ, सगळं डोळ्यांसमोर होतं. त्याच्या पलीकडं मान वर करून त्यांनी बघितलंच नव्हतं. त्यांनी ते तसंच कबूल केलं.

महादेवीनं भाकरीचा आणखी एक तुकडा वाढला.

"पाऊस झाला की मला घिऊन चला," ती म्हणाली. "मी बघते. तुमी बसा दोरी धरून."

मन्मथप्पा बरं म्हणाले आणि जेवू लागले. बाहेर कुणीतरी टँकर आला म्हणून हाक देत गेलं, तशी महादेवी घागर घेऊन उठली. ते ताटावरून तसेच उठले आणि तिच्या हातातली घागर त्यांनी घेतली.